तांब्यावरचं नाव

महेशचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत बसले होते. "आत्या, आई गेली..." एवढंच बोलला आणि पुढे नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. महेश माझा भाचा, दादाचा मुलगा, तेलगावला आमचं किराणा दुकान आता तोच बघतो. वहिनी सकाळी डाळ पाखडायला बसल्या, "जरासक टेकते" म्हणून भिंतीला टेकल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. अंबाजोगाईहून तेलगाव काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. घरी पोचले तर वहिनींना अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, भिंतीशी मांडी घालून बसवलेलं. आम्हा लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात, बसवूनच समाधी देतात. दारातून बघितल्यावर क्षणभर वाटलं, आता म्हणतील, "वन्सं, उन्हाचं आलात, आधी पाणी प्या." तसं काही झालं नाही. महेशनं डोळे पुसत मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आत्या, मेसेज तुमीच लिवा. तुमी मराठीच्या प्रोफेसर."

लिहिला मी. आता सांगायला लाज वाटते, पण तेवढ्या रडारडीतसुद्धा माझ्यातली मास्तरीण जागी होती. 'दुःखद निधन' नको, 'लिंगैक्य' लिहू. 'वात्सल्यमूर्ती' शब्द घालू की नको यावर मी विचार केला, घातला, मग एक स्वल्पविराम हलवला. 'आमच्या मातोश्री सौ. उज्ज्वला यांना आज सकाळी लिंगैक्य प्राप्त झाले...' महेशनं त्याला आईचा स्टुडिओत काढलेला फोटो जोडला आणि नातलगांच्या, व्यापाऱ्यांच्या, गावाच्या, सगळ्या ग्रुपवर पाठवून दिला. कुणाला कळवायचं राहिलं का, असं दादानं एकदा विचारलं. मी म्हणाले, "मेसेज सगळीकडं गेलाय दादा." त्या वाक्याचं आज किती ओझं झालंय, ते पुढे सांगते.

उज्ज्वला हे नाव मी ठेवलेलं. दादाच्या लग्नात मी नववीत होते आणि घरात वाचणारी अशी मीच एकटी. शाळेच्या कपाटातल्या कादंबऱ्या आणून माळवदावर बसून वाचायच्या, आईच्या हाका ऐकू आल्या तरी 'ओ' द्यायची नाही, असा माझा तोरा. लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, की झाली ती त्या घरची. आदल्या दिवशी आई म्हणाली, "तू एवढी पुस्तकं वाचती, सांग एखादं चांगलं नाव." मी तेव्हा एक कादंबरी वाचत होते. तिच्यातली नायिका केतकीच्या रंगाची, पियानो वाजवणारी, सारखी खिडकीत उभी राहणारी. तिचं नाव उज्ज्वला. मी ते सांगून टाकलं. नवरीला मी तोवर बघितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दादानं तांदळात नाव लिहिलं, जमलेल्या बायका वाचायला वाकल्या, आणि चकलांब्याहून आलेल्या त्या काळ्यासावळ्या, हनुवटीवर गोंदण असलेल्या मुलीकडे बघून आमची एक चुलत मावशी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, हिचा उजेड पडायला कंदील लागंल की!" मांडवभर हशा झाला. नवरीनं मान वर केली नाही. मी मात्र हसले, कारण सगळे हसत होते.

तिचं माहेरचं नाव प्रयाग. चकलांब्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. ही जन्मली तेव्हा तिची आजी गंगेला गेलती, परत आली ती नाव घेऊनच. बोलताना सगळे 'परयाग' म्हणायचे. हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि ध्यानात असणं यात फार अंतर आहे बघा.

गंमत म्हणजे ज्या नावासाठी एवढं केलं, ते नाव घरात कुणीच घेत नव्हतं. दादा "अगं ऐक" म्हणायचा, कारण बायकोचं नाव घ्यायचं नाही. आई "सूनबाई" म्हणायची. मी "वहिनी". पुढं ती "महेशची आई" झाली. सणासुदीला बायका घेरून बसायच्या, "नाव घ्या, नाव घ्या", की वहिनी झोकात उखाणा घ्यायची, त्यात दादाचं नाव. तिचं नाव असलेला उखाणा दादानं कधी घेतलेला मला तरी आठवत नाही. उज्ज्वला राहिली ती रेशनकार्डावर, मतदार यादीत, आधारकार्डावर. आणि परयाग राहिली एका तांब्यावर.

तो तांब्या खरोखरच तांब्याचा, पोटाशी जरा चेपलेला. आंदणात आलेल्या भांड्यांवर सासरचं नाव घालून घ्यायचं म्हणून आईनं कासाराला घरी बोलावलं होतं. ओसरीवर भांडी मांडली, तो टकटक करत एकेका भांड्यावर 'उज्ज्वला' उमटवत गेला. सगळी झाली, हा तांब्या तेवढा दिसेना. आई शोधून दमली. दोन दिवसांनी तो आपोआप फडताळात आला. कासार तोवर पुढच्या गावाला गेलेला! आई काय ते समजली असणार, पण काही बोलली नाही. त्यावर अक्षरं होती, 'प्रयाग हिस केशरकडून सप्रेम भेट.' केशर म्हणजे वहिनींची चकलांब्याची मैत्रीण. वहिनींचे आईबाप गेले, भाऊ जमीन विकून पुण्याकडं गेला, त्यानंतर माहेर म्हणून उरली ती ही केशरच. दरवर्षी गावच्या जत्रेला वहिनी तिच्याकडे चार दिवस जायची. जाताना जी बाई वैतागलेली असायची, ती येताना तरण्या पोरीसारखी हसत यायची. "काय करता हो चार दिवस?" मी विचारायची. "काय न्हाई वन्सं. भांडतो," म्हणायची. त्या तांब्यातलं पाणी ती एकटीच प्यायची. पाहुण्याला दिलं तर सुनेची खैर नव्हती.

वहिनींचं गुणगान करायला मी बसलेले नाही, त्यांनाही ते आवडलं नसतं. तोंडानं फाटक्या होत्या. दुकानात उधारीवाल्याला असं बोलायच्या की तो साखर ठेवून पळायचा. भरजरी लुगड्यांचा सोस होता. आणि रंगाच्या बाबतीत तर... महेशला पोरी बघायला लागलो तेव्हा त्यांची एकच अट, पोरगी गोरी पाहिजे. मी चिडले. "वहिनी, तुम्ही असं म्हणता? तुम्ही?" तर पदर खोचून माझ्यावरच उलटल्या, "मी न्हाई म्हणायचं तर कुणी म्हणायचं? तुमी गोऱ्या. तुमाला काय ठावं काळं असणं काय असतं ते? तुमी भाषण करा, आमी भोगतो." पुढं गोरी सून आली, आणि नात झाली ती नेमकी आजीच्या रंगाची. वहिनी तिला रोज साय-बेसन लावून घासायच्या आणि घासता घासता रडायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

भाषणाचं म्हणाल तर ते मी खरंच करत होते. माझा विषयच तो. साहित्यातली माणसाची ओळख. जात, बाई असणं, कातडीचा रंग, बोली यांनी ती कशी घडते आणि कोण घडवतं. एकदा आमच्या कॉलेजातल्या चर्चासत्राला वहिनींना घेऊन गेले. त्या दवाखान्यात दाखवायला अंबाजोगाईला आल्या होत्या, घरी एकट्या काय करणार म्हणून. मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मी तावातावानं बोलले, की आपल्याकडं बाईचं नाव लग्नात पुसलं जातं आणि आपण पेढे वाटतो, आपल्या कथा-कादंबऱ्यांतल्या नायिका गोऱ्याच का, सावळी बाई गोष्टीत आली तर ती सोसायलाच का येते... टाळ्या पडल्या. रिक्षात बसल्यावर वहिनी म्हणाल्या, "वन्सं, लई झ्याक बोललात. घसा बसला आसंल, गूळ खावा." पिशवीतून खडा काढून दिला. मी वाट बघत होते, त्या आणखी काही म्हणतील. त्या बाहेर बघत राहिल्या. मग मीच, काहीतरी मोठेपणा दाखवल्यासारखं विचारलं, "वहिनी, तुम्हाला तुमचं जुनं नाव आठवतं का हो?" त्या माझ्याकडे वळल्या आणि खो खो हसल्या. "आसं काय इचारता येड्यावानी? माझं नाव मला न्हाई आठवनार?" विषय संपला. त्या रिक्षात, त्याच वेळी, मी 'प्रयागवहिनी' म्हणाले असते तर? माझी जीभ काही झडली नसती. पण मला पुढच्या महिन्याचा निबंध सुचला होता, आणि मी मनात त्याची पहिली ओळ जुळवत होते.

यावर कडी म्हणजे महेशचं लग्न. चर्चासत्रानंतर दीडेक वर्षानं. वहिनी मोठ्या हौसेनं म्हणाल्या, "नवरीचं नाव वन्संनीच काढायचं. त्यांच्यासारखं नाव कुणाला सुचत न्हाई." टोमणा नव्हता तो, खरीच हौस होती. मी म्हणू शकले असते, की वहिनी, राहू द्या आता ही रीत. दोन वाक्यांचं काम. पण लग्नघर होतं, चार माणसं ऐकत होती, कुणाला वाईट दिसायला नको... आणि खरं सांगू? विचारलं याचं बरंही वाटलं. मी 'स्वरूपा' म्हणाले. तांदळात ते छान दिसलं. स्वरूपा आमच्या घरात नांदायला लागली आणि मी अंबाजोगाईला जाऊन पुन्हा मुलांना तेच शिकवायला लागले.

आता केशरबाईंबद्दल. वहिनी गेल्याला काही आठवडे झाले होते. दादा एकटा पडलाय म्हणून मी रविवारी तेलगावला गेलेले. दुपारी दारात रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ अशी खणखणीत हाक, की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

"परयागे! ए परयागे! कुठं मेलीस गं? जत्रा होऊन गेली, वाट बघून डोळे फुटले की माझे!"

मी माजघरात होते. स्वरूपा दारात गेली. तिचा मऊ आवाज आला, "मावशी, घर चुकलात वाटतं तुमी. इथं परयाग म्हणून कुणी न्हाई."

"न्हाई कसं? किराणा दुकानवाल्याचंच घर हाय न्हवं हे? मग? बोलीव तिला. म्हणावं केशर आलीया, भांडायला."

मी बाहेर आले तोवर त्या आत आल्या होत्या. ठेंगण्या, वाकलेल्या, डोक्यावर हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी. वहिनींना ओला हरभरा फार आवडायचा. समोर भिंतीवर हार घातलेला फोटो होता. केशरबाईंनी त्याच्याकडं बघितलं, हात जोडले आणि मला विचारलं, "ह्या कोण वारल्या?"

वाचणाऱ्याला खोटं वाटेल, पण त्यांनी ओळखलं नाही. आणि ओळखणार कशा? फोटो स्टुडिओवाल्यानं वहिनींना गोरं करून दिलं होतं. न विचारता करून देतात ते, सगळ्यांनाच. हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलेलं. त्या फोटोत कुणीतरी गुलाबी गालांची अनोळखी बाई वहिनींचं लुगडं नेसून बसलेली होती. मीही तो बघितला होता, 'छान आलाय' म्हणाले होते. केशरबाई जवळ गेल्या, डोळे बारीक केले, मग त्यांची नजर नथीवर थांबली. पेंढी डोक्यावरून घसरून खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.

"हीच व्हय?" एवढंच म्हणाल्या.

मग बसल्यावर सांगितलं त्यांनी. मेसेज चकलांब्याला पोचला होता. नातवानं मोबाईलवर वाचून दाखवला होता, तेलगावच्या उज्ज्वलाबाई वारल्या. "म्या म्हनलं आसंल कुणी बिचारी. फोटू बी दावला की त्यानं. म्हनलं कुणी तालेवाराघरची गोरीपान बाई दिसती. आन् शेंगा फोडीत बसले..." बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या मांडीवर मूठ मारली. "शेंगा फोडीत बसले गं मी! नातवानं इचारलं बी, आजी तुझी मैतरीण तेलगावचीच न्हवं का? म्या म्हनलं, तिचं नाव परयाग हाय मुडद्या, ही दुसरी."

जत्रेला वहिनी आली नाही, फोन लागेना, म्हणून भांडायला आल्या होत्या. त्या दिवशी कळलं असतं तर संध्याकाळच्या आत पोचल्या असत्या, माती द्यायच्या आधी. भिंतीशी बसवलेल्या वहिनींच्या समोर बसल्या असत्या, खऱ्या रंगाच्या, गोंदणाच्या वहिनींच्या. ते मी हुकवलं. मला केशरबाई ठाऊक होत्या. महेशला सांगून एक फोन करायला किती वेळ लागला असता? मी स्वल्पविराम हलवत बसले होते.

समाधी आमच्याच शेतात, बांधाला. मी त्यांना घेऊन गेले. ओली माती आता वाळून भेगाळली होती, वर बेलाची सुकलेली पानं. केशरबाई टेकल्या, हात मातीवर ठेवला आणि अगदी हळू, कानात सांगावं तसं म्हणाल्या, "परयागे, आले बघ." मी उभीच होते. बसायची हिंमत झाली नाही.

"हे दुसरं नाव कुणी ठिवलं तिचं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"मी."

"कावून?"

त्या 'कावून'ला राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी पाय धरले असते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. असलेलं नाव धड असताना दुसरं कशाला. साहित्य, संस्कृती, स्त्री आणि ओळख यांवर मी आयुष्यभर बोललेय, लिहिलंय, मुलांकडून लिहून घेतलंय. "पुस्तकात वाचलेलं," मी म्हणाले. केशरबाईंनी मान हलवली. "आसंल," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

घरी आल्यावर मी महेशला म्हणाले, समाधीच्या दगडावर प्रयाग नाव घालू. त्याचा चेहरा उतरला. दगड सांगून झालाय, अक्षरं कोरून झालीत, आणि लोक विचारतील, ही कोण म्हणून. त्याचंही चुकलं नाही, त्याची आई उज्ज्वलाच. दादा कोपऱ्यात बसून ऐकत होता. एकदम म्हणाला, "तिला इचारायला पायजे होतं." आणि उठून दुकानात गेला. आमच्या दादानं बायकोला काही विचारायला पाहिजे होतं असं म्हणणं, हेच मला नवीन होतं. दगडाचं अजून काही ठरलेलं नाही.

निघताना मी फडताळातून तो तांब्या काढला आणि केशरबाईंच्या पुढं धरला. न्या म्हटलं, तुमचाच आहे. स्वरूपा माझ्या शेजारी उभी होती, ती अक्षरांकडं बघून चकित झाली. "अगं बाई! तांब्यावरची प्रयाग म्हंजी आपल्या सासूबाईच व्हय? मला वाटलं कुणा दुसऱ्याच बाईचं नाव हाय, तांब्या जुन्या बाजारातनं आलेला." दहा वर्षं तिनं तो तांब्या रोज घासलेला. केशरबाईंनी तांब्या हातात घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. "दिलेली वस्तू परत घेत नसत्यात. राहू द्या, कुणी तरी पाणी पीत जावा त्यात."

त्या गेल्यावर स्वरूपा मोरीपाशी तांब्या घासायला बसली. पाठ माझ्याकडं. मी दारात उभी होते आणि एकाएकी ध्यानात आलं, मला हिचं माहेरचं नाव ठाऊक नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेत होतं, मी वाचलं होतं, आणि वाचून विसरले होते. महेशला विचारायला दुकानात गेले. तो वजन करता करता थांबला, त्यालाही आठवायला एक क्षण लागला. मग म्हणाला, "शिवकांता."

परत आले. ती अजून घासत होती. मी हाक मारली, "शिवकांता..." ती वळली नाही. वाटलं, नळाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. पुन्हा मारली. तिचा हात थांबला. नळ वाहत राहिला, तांब्या भरून वरून सांडायला लागला, तरी ती तशीच पाठमोरी बसून राहिली. मग मागे न बघताच, बारीक आवाजात तिनं विचारलं, "आत्या... कुणी आलंय का हो माझ्या माहेरचं?"